स्टेशनापासून दोन मैल



आमच्या म्हसळ्याला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन माणगाव. तेही कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला तेव्हा पदरात पडले. माणगावहून मोर्बा, साई करीत म्हसळ्याला यायचे म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. दिवसा एसटी असते, रिक्षा असतात, कुणाच्या तरी गाडीला हात करता येतो. पण रात्रीची गाडी दोन तास लेट झाली की स्टेशनाबाहेर एखादी रिक्षा, तिच्यात पाय दुमडून झोपलेला ड्रायव्हर आणि दोन-चार कुत्री, एवढेच उरते. म्हणून आमच्याकडची जुनी माणसे प्रवासाला निघणाऱ्याला गाडी किती वाजता सुटते असे विचारत नाहीत. उतरल्यावर काय करणार, असे विचारतात.

गेल्या वर्षी हाच प्रश्न माझ्या बायकोने मला विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता. मुलीची नोकरभरतीची परीक्षा होती. परीक्षेचे केंद्र आले दूरच्या एका जिल्ह्याच्या गावी. (रायगडच्या मुलांना विदर्भात आणि विदर्भातल्या मुलांना कोकणात केंद्र देण्यात कोणाचे काय भले होते, हे मला बी.कॉम. होऊनही समजलेले नाही. गोरगरिबांच्या खिशातून दोन माणसांचे भाडे जाते एवढे समजते.) सकाळी साडेआठला हजर राहायचे होते. गाडी रात्री दहाला पोचणार होती, म्हणून लॉज आधी ठरवले नाही. म्हटले, स्टेशनाजवळ काय, पन्नास मिळतील. गाडी पोचली एक वाजून चाळीस मिनिटांनी.

बाहेर रिक्षावाल्याने दोनशे रुपये सांगितले. अंतर पुढे कळले, एक किलोमीटरही नव्हते. त्याने ज्या लॉजवर नेले तेथील मॅनेजर टेबलावर डोके ठेवून झोपला होता. उठला, रजिस्टर उघडले, आमची दोघांची आधार कार्डे घेतली. नाव वाचले, आडनाव वाचले, गाव वाचले. मग वर पाहून म्हणाला, "तुम्ही कोण?"

"मी वडील, ही माझी मुलगी."

"ते झालं हो. पण कोण लोक तुम्ही?"

मी सरळ सांगितले, "बौद्ध."

त्याने रजिस्टर मिटले आणि कार्डे परत दिली. "रूम शिल्लक नाही." त्याच्या मागच्या फळीवर खिळ्यांना चाव्या लटकत होत्या. कारकुनाला मोजायची वाईट खोड. सात होत्या.

दुसऱ्या लॉजवर चालत गेलो. तिथल्या माणसाने आडनावाकडे पाहिलेही नाही. त्याने मुलीकडे पाहिले आणि म्हणाला, "एवढ्या रात्री पोरगी घेऊन आलात. आम्हाला लफडं नको." मुलीच्या कार्डावर बापाचे नाव छापलेले होते आणि तो बाप कार्ड हातात धरून समोर उभा होता. माझ्या कानशिलातून वाफ निघाली, पण मी काही बोललो नाही. आम्ही स्टेशनवर परत आलो. वेटिंग रूममध्ये तिकीट दाखवून बसलो. मुलीने बॅग उशाला घेतली. मला वाटले झोपली, तर अंधारात तिचा आवाज आला, "बाबा, दर चौदा एप्रिलला तुम्ही स्टेजवर चाळीसगावचा टांगा सांगता. मग आज गप्प का बसलात?"

मी म्हणालो, "सकाळी पेपर आहे. झोप."

हे उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही.

चाळीसगावचा टांगा आपल्या घराघरात माहीत आहे, तरी नव्या पिढीसाठी पुन्हा सांगतो. कारण मीही तो इतकी वर्षे अर्धाच सांगत होतो, असे त्या रात्री माझ्या लक्षात आले. साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते आणि त्या कामासाठी खानदेशात फिरत होते. धुळे लाइनवरच्या एका खेड्यात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. त्याची पाहणी करून ते गाडीने चाळीसगावला परत आले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन स्टेशनवर हजर. रात्री आमच्याकडे राहा, असा त्यांचा आग्रह बाबासाहेबांनी मानला होता. महारवाडा स्टेशनापासून दोन मैल, मध्ये नदी, नदीवर कठडे नसलेली मोरी. स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ होते. तरी बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. का, ते कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच बसले, बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. टांगा दोनशे पावलेही गेला नसेल, तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे मोरीवर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले आणि बाबासाहेब उडून फरशीवर पडले. घोडा आणि टांगा नदीत. बाबासाहेब बेशुद्ध झाले, पायाचे हाड मोडले.

तासभर उशीर का झाला, ते नंतर कळले. एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना खपेना. तेव्हा तोडगा निघाला, की टांगा भाड्याने द्यायचा पण मालक हाकणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता.

बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला उच्च समजत होता, इथपर्यंतची गोष्ट मी स्टेजवर सांगतो, टाळ्या मिळतात आणि मी खाली बसतो. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखात बाबासाहेबांनी याच प्रसंगात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या घाईत, प्रवाशाचा जीव मानापेक्षा मोठा आहे हे आपल्या माणसांच्या ध्यानात आले नाही, असे ते लिहितात. त्यांनी रागाने लिहिलेले नाही. ती माणसे त्यांच्या प्रेमापोटीच धडपडत होती. पण पाय मोडला तो मोडलाच.

त्या वेटिंग रूममध्ये मला हा भाग आठवला. मी मान सोडला आणि जीव सांभाळला, असे स्वतःला समजावता आले असते. पहाटे दोन वाजता, परक्या गावात, तरुण मुलगी बरोबर आणि सहा तासांवर तिचा पेपर. तिथे भांडण काढले असते आणि चार माणसे अंगावर आली असती तर? हा हिशेब चुकीचा नव्हता. पण मग दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर, लख्ख उजेडात, मी पोलीस ठाण्यात का गेलो नाही? परतीची गाडी होती म्हणून. त्यानंतरच्या सोमवारी टपालाने तक्रार का केली नाही? याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. रात्रीचे गप्प बसणे मी माफ करीन. सोमवारचे करणार नाही.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या माणसाने जातीवरूनच नाकारले, असे मी शपथेवर सांगू शकेन का? त्याने विचारले, मी सांगितले, त्याने रजिस्टर मिटले, इतके सांगू शकेन. पूर्वी तोंडावर सांगत. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी उतरले तेव्हा स्टेशनवर त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता, जायचे कुठे? हिंदूंच्या विशीत प्रवेश नव्हता. पारशी लोकांच्या धर्मशाळेत ते गेले, तर ती फक्त पारशांसाठी. रजिस्टरात पारशी नाव लिहून त्यांनी दीड रुपया रोजाने वरच्या मजल्यावरची जागा घेतली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला माणूस खोट्या नावाने, वटवाघळांच्या सोबतीने, मिणमिणत्या कंदिलापाशी रात्री वाचत बसे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापली अडचण सांगून हात झटकले. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले. तेव्हा शत्रू काठी घेऊन समोर उभा होता. आता तो "शिल्लक नाही" म्हणतो आणि पुन्हा टेबलावर डोके ठेवतो.

कायदा नाही असे नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, ही मागणी रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतलेल्या ठरावातच होती. आपल्याला बोले ठराव म्हटला की चवदार तळे आठवते, पण पाणवठे, विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख त्यात आहे. पुढे संविधानाच्या १५व्या कलमाने हॉटेलाचा दरवाजा सर्वांना उघडा केला. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा झाला, १९७६ साली त्यात सुधारणा होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलही आहे आणि सार्वजनिक वाहनही आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणाऱ्याला किमान एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि शिवाय दंड. तेव्हा कोणावर अशी वेळ आली तर लॉजचे नाव, वेळ, काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे तिथल्या तिथे कागदावर लिहून ठेवा. भांडायला नाही, नुसते लिहायला दोन मिनिटे लागतात. मी तेवढेही केले नाही, म्हणून सांगतो.

पण कायदा सकाळी उपयोगी पडतो. रात्री दोन वाजता उपयोगी पडतो तो माणूस. हे आपल्या वाडवडिलांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसे पूर्वी बोटीने भाऊच्या धक्क्यावर किंवा एसटीने मुंबई सेंट्रलला उतरत. खिशात लॉजचे पैसे नसत आणि असते तरी लॉजची पायरी चढायची हिंमत नसे. पण कुठल्या चाळीत गावकीची खोली आहे, कितव्या मजल्यावर, आत जागा नसली तर गॅलरीत कोणत्या टोकाला पथारी टाकायची, हे सारे पाठ असे. माझे आजोबा वाचायला शिकले नव्हते, पण पनवेल, पुणे, नाशिक, कुठेही उतरले तरी कोणाकडे जायचे ते त्यांना तोंडपाठ. अमक्याच्या आत्याचा दीर, तमक्याच्या साडूचा भाऊ. मला ते सांगत, "वस्ती कुठे असं परक्याला विचारू नको. विहार कुठे ते विचार."

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हेच ज्ञान छापून काढले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला व्हिक्टर ग्रीन नावाचा टपालवाटप करणारा पोस्टमन, म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार माणूस, त्याने १९३६ साली एक पुस्तक काढले. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते घर, कोणता पेट्रोलपंप काळ्या माणसाला दारात उभे करतो याची ती यादी. 'ग्रीन बुक' म्हणून ते प्रसिद्ध झाले. रात्र झाली आणि पाटी लागलेल्या हॉटेलात काळ्याला जागा नाही म्हटले की लोक हे पुस्तक काढीत. ते १९६६-६७ पर्यंत निघत राहिले. मधे १९६४ साली तिथे नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलवाल्यांना वर्णावरून नाकारणे बेकायदा ठरले. आपले पुस्तक तोंडी होते. आजोबा गेले, आणि त्यांची पाने त्यांच्याबरोबर गेली. आपल्या हातात मोबाईल आणि चार पैसे आल्यावर आपल्याला वाटले, आता त्याची गरज नाही.

आमच्याच खाडीतले एक उदाहरण देतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब निघाले ते धरमतरच्या मार्गाने नाही. मोटारवाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटले तर माणसे मध्येच अडकतील. म्हणून २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दोनशेवर प्रतिनिधींसह ते निघाले आणि बाणकोट, हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्या खाडीतून दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला उतरले. दासगावहून महाड पाच मैल. मोटार मिळाली नाही तरी पायी जाता येईल, असे बंदर त्यांनी निवडले. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. म्हणजे उतरल्यावर काय करणार, याचे उत्तर निघण्याआधीच तयार होते. चाळीसगावच्या मंडळींकडे माणुसकी होती, पण हे नियोजन नव्हते.

हे सारे मी आमच्या ग्रामीण मंडळाच्या बैठकीत मांडले आणि एक वही करू या म्हणालो. ज्या ज्या मोठ्या स्टेशनाजवळ आपल्या तालुक्यातले कोणी राहते त्यांची नावे, फोन नंबर, त्यांना विचारून. रात्री फोन आला तर किमान स्टेशनापर्यंत यायची तयारी असेल त्यांचीच. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आता लॉज आहेत, ऑनलाइन आहे, कुणाच्या दारात कशाला जायचं?" त्यावर मागे बसलेल्या एका ताई उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्हाला लॉज आहेत. माझी पोर एकटी उतरली तर तिला लॉजवाला आधी काय समजतो, ते मला विचारा." पुढे कोणी काही बोलले नाही. वही झाली.

पहिल्या खेपेस अकरा नंबर मिळाले. मी सगळ्यांना रात्री साडेदहानंतर फोन लावून पाहिले (माझी पत्नी म्हणाली, ऑफिसातली ऑडिटची सवय घरात नको). तिघांचे फोन बंद, एकाने शिव्या दिल्या, सात उरले. सातही पुष्कळ. वहीच्या पाठीमागे मी काही कामाच्या गोष्टी लिहिल्या आहेत, त्या इथेही देतो. रेल्वेची चौकशी आणि मदत १३९ वर मिळते, पोलीस ११२ वर. अनेक मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम असतात आणि कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर नंबरवर त्या आधी बुक करता येतात. लॉजपेक्षा स्वस्त, आणि स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. लॉज ठरवायचा तर आधी फोन करून गाडीची वेळ आणि उशीर झाला तरी येणार हे सांगावे, आणि त्याचे उत्तर मेसेजवर लेखी घ्यावे. लेखी घेतलेल्याला "शिल्लक नाही" म्हणणे जड जाते. आणि ते काहीच जमले नाही तर उजेड होईपर्यंत वेटिंग रूम सोडू नये. मी त्या रात्री पहिली चूक केली ती स्टेशनाबाहेर पडण्याची.

मुलीचा निकाल लागला. थोडक्यात हुकली. पुन्हा बसणार आहे, आणि या वेळी केंद्र कुठेही येवो, रात्रीची सोय ती स्वतः करते आहे. बापावर तिचा तेवढा भरवसा राहिलेला नाही, आणि मी तक्रार करीत नाही.

वहीचा पहिला उपयोग मात्र उलटाच झाला. आमच्या माणसांसाठी केलेली वही, तिच्यातून नंबर मिळवून बाहेरच्या माणसांनी आम्हालाच फोन केला. वीस मार्चसाठी महाडला निघालेले परभणीकडचे एक कुटुंब. वीरला उतरायचे ते झोपेत आणि गोंधळात दोन स्टेशने आधी माणगावलाच उतरले. रात्रीचे पावणेबारा. आजी, सून, दोन लहान मुले. मी शेजाऱ्याला उठवले, त्याची इको काढली. तासाभराने पोचलो तेव्हा आजी प्लॅटफॉर्मच्या बाकावर ताठ बसून होती, मुले तिच्या मांडीवर. "जयभीम आजी," म्हणालो. तिने जयभीम घातला आणि लगेच विचारले, "पाणी आहे का रे लेकरा? हितला नळ बंद हाय."

बाबासाहेब नऊ वर्षांचे असताना साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर कशीबशी एक गाडी मिळाली. डब्यात जेवण होते, पण त्यांना पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती मुले उपाशीच झोपली. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. त्या रात्री मी गाडी आणली, चादर आणली, बिस्किटांचे पुडे आणले, टॉर्चसुद्धा आणली. पाणी आणले नव्हते. बंद होत असलेल्या एका टपरीवाल्याकडून दोन बाटल्या मिळाल्या. वहीच्या पहिल्या पानावर आता माझ्या हाताने लिहिलेली एक ओळ आहे, तांबड्या शाईत: निघताना पाण्याचा कॅन भरून घ्यावा.